त्याले गोळी द्या

मे महिन्यात नागपूरचा माणूस कुठेही यायला तयार असतो, फक्त तिथे एसी पाहिजे. बँकेत पासबुक भरायला जाऊन तासभर बसतो, ओळख नसलेल्या लग्नात आइस्क्रीम येईपर्यंत थांबतो. त्यामुळे माझ्या पुतण्याने मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरवलं तेव्हा लोक येतील की नाही ही चिंता नव्हती. कोण कोण येईल, ही होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला होता. पारा ४५ च्या वर, रात्री आठ वाजतासुद्धा गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. पोराने पुण्याहून येताना कुणाचा तरी प्रोजेक्टर मागून आणला होता आणि लिफ्टजवळ कागद चिकटवला होता: ‘फक्त १८ वर्षांवरील’. हा कागद वाचूनच जी पोट्टी आली, त्यांना परत पाठवण्यात सुरुवातीची २० मिनिटं गेली. १८ च्या वरचं मात्र कोणीही चालणार होतं, म्हणजे माझी ७४ वर्षांची आत्या नियमात बसत होती. तिच्या कूलरची मोटर दुपारीच जळाली होती. ती पहिल्या रांगेत, एसीच्या बरोबर खाली, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून बसली. पुतण्या माझ्या कानाशी आला. “काका, आत्याआजीला सांगितलंय ना, कसला सिनेमा आहे ते?” मी म्हटलं, “कॉमिक्सवरचा आहे म्हणून सांगितलं.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

सिनेमा होता ‘सिन सिटी’. २००५ चा. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून उपयोग नाही. हातपाय तुटतात, मुंडकी उडतात, आणि हे सगळं इतकं देखणं दिसतं की बघणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. सुरुवातीलाच एक म्हातारा होत आलेला पोलीस अधिकारी आहे. निवृत्तीला तासभर उरलाय, आणि एका लहान मुलीला एका नराधमाच्या तावडीतून सोडवायला तो रात्री गोदीवर निघालाय. वाटेत त्याच्या छातीत कळ येते. तो वाकतो, छातीवर हात जातो, चेहरा पिळवटतो. हॉल चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं वॉर्ड सांभाळलेला, माइकची गरज नसलेला आवाज.

“अरे, त्याले गोळी द्या ना कोणी!”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून, सिनेमा आधी पाहिलेल्या कुणीतरी उत्तर दिलं, “देऊन राहिले आजी, थांबा थोडं. पाठीतच देऊन राहिले!” हॉल फुटला. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता ते नुसते दुसऱ्यांचं बघून हसले, आणि काही मिनिटांनी त्या अधिकाऱ्याच्या जोडीदारानेच त्याच्या पाठीत खरोखर गोळ्या घातल्या तेव्हा त्यांना विनोद समजला आणि ते दुसऱ्यांदा हसले. पडद्यावर एक माणूस मित्राच्या गोळ्या खाऊन पडत होता आणि इकडे लोक खुर्च्यांचे हात आपटत होते.

मीही हसलो. दोन्ही वेळा.

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. मी तिच्या तिरप्या रेषेत, दोन खुर्च्या सोडून बसलो होतो, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते. पर्सचं ते टिचकीचं बटण तिने उघडलं आणि परत लावलं. पडद्यावरचा पांढरा उजेड तिच्या बांगडीवर पडला होता. मला हसू आवरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला मामा आठवले.

आत्याचे यजमान, आमचे मामा, अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री गेले. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असायची, आणि त्या रात्री तो शर्ट आत्यानेच बादलीत भिजत घातलेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना वेळच्या वेळी औषध देणारी बाई अंधारात खुंट्यांवरचे सगळे शर्ट चाचपत होती. पट्टी सकाळी सापडली, साबणाच्या पाण्यात. वरच्या चकचकीत कागदाला काही झालं नव्हतं. आतली एकही गोळी भिजली नव्हती. हे आत्याने आम्हाला एकदाच सांगितलं, तेराव्या दिवशी, भांडी मोजताना, आणि त्यानंतर कधीही नाही. मी ते विसरलो नव्हतो. पण हॉलमध्ये पोटातून हसू वर येत होतं तेव्हा ते आठवलंही नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

सिनेमा पुढे चालू राहिला. माझं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं लोकांवर. ज्या प्रसंगात खरं तर पोटात ढवळायला हवं, तिथे शिट्ट्या वाजत होत्या. एका मेलेल्या माणसाच्या कपाळात त्याच्याच पिस्तुलाचा लोखंडी तुकडा घुसलेला आहे आणि तो गाडीत शेजारी बसून जिवंत माणसाशी गप्पा मारतोय, यावर आमच्या सोसायटीचे खजिनदार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे तेच गृहस्थ आहेत जे पार्किंगमध्ये मांजरीचं पिल्लू गाडीखाली आलं तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं मध्येच उठून गेलं, तो तिला म्हणत होता, “मला वाटलं सुपरहिरोचा असेल.” एकजण सगळा वेळ मोबाइलवर होता. मान वर करायचा ती फक्त बंदुकीचा आवाज आला की. आणि आत्या बसून होती. कुऱ्हाडी चालल्या, तलवारी चालल्या, एकाला विजेच्या खुर्चीत बसवून झटके दिले, ती हलली नाही. तिचा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला होता. त्या सिनेमात एक धिप्पाड, विद्रूप चेहऱ्याचा मारामारीखोर आहे. त्याच्या तोंडाला, दंडाला, जिकडे तिकडे चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, आणि काळ्याकुट्ट पडद्यावर त्या पट्ट्या तेवढ्या पांढऱ्याशुभ्र चमकतात. “हे असं आडवंतिडवं कोणी चिकटवते का?” आत्या मला म्हणाली, आता हळू आवाजात. “धुतलं नाही, पुसलं नाही, अन् पट्टी. आतून पू होईन ना त्याले.” मी म्हटलं, “आत्या, ते चित्रासारखं दाखवायचं आहे.” ती म्हणाली, “चित्रातल्या माणसाले पू होत नाही काय?”

मी २२ वर्षं एका ऑफसेट प्रेसमध्ये काढली, त्यामुळे मी हा सिनेमा माणसांसारखा बघूच शकत नाही, छपाईची प्लेट बघितल्यासारखा बघतो. पुतण्या ॲनिमेशन शिकतो; त्याने मला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. फ्रँक मिलरचं मूळ कॉमिक्स १९९१ पासून निघालं, जवळपास सगळं नुसतं काळं आणि पांढरं. मधल्या करड्या छटाही नाहीत. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जने ते वेगळं लिहून काढण्याऐवजी चौकटच्या चौकट उचलून पडद्यावर ठेवली, नट हिरव्या पडद्यापुढे उभे केले आणि शहर नंतर मागे भरलं. मिलरचं नाव दिग्दर्शक म्हणून आपल्या जोडीने लागावं, हे अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियमात बसेना, तर रॉड्रिग्जने संघटनाच सोडली. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात चित्रकाराचं नाव पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, छपाईच्या खाली यायचं, तेही जागा उरली तर. पण मला खरी गंमत वाटली ती पिवळ्या माणसाची. त्या सगळ्या काळ्या-पांढऱ्यात एकच माणूस पिवळाधम्मक आहे, सडक्या लिंबासारखा, आणि तोच सगळ्यांत घाण. पुतण्या म्हणाला, त्या नटाला प्रत्यक्षात निळा रंग फासला होता, कारण पिवळा हिरव्या पडद्यात मिसळायला लागतो. पिवळा केला तो नंतर संगणकावर. मला हे लगेच पटलं. पिवळी शाई हे चार रंगांतलं सगळ्यांत गरीब पोर. नुसती पांढऱ्या कागदावर मारली तर प्रूफ बघणाऱ्याला दिसत नाही, खिडकीत जाऊन तिरकं धरावं लागतं. तीच काळ्याच्या शेजारी ठेवा, ओरडायला लागते.

आणि रक्त. त्या सिनेमात बऱ्याचदा रक्त पांढरं आहे. भिंतीवर, कपड्यावर, हवेत, चुन्यासारखं पांढरं. आता छापणाऱ्याच्या दृष्टीने पांढरा रंग नसतोच. आमच्याकडे पांढऱ्या शाईचा डबा नव्हता. पांढरं म्हणजे जिथे काही छापायचं नाही अशी जागा, मोकळा सोडलेला कागद. म्हणजे त्या पडद्यावर जिथे जिथे रक्त होतं तिथे तिथे मला छापणाऱ्याने सोडलेली जागा दिसत होती, आणि कदाचित म्हणूनच सगळ्यांना इतकं मोकळेपणाने हसता येत होतं. जागा रिकामी होती. ज्याला भरायची त्याने आपल्या घरून आणून भरावी. माझ्याकडे तेव्हा भरायला काही नव्हतं, किंवा होतं आणि मी ते घरी ठेवून आलो होतो.

लहानपणी नागपुरातल्या महाल भागात एक काका कॉमिक्स भाड्याने द्यायचे, एका दिवसाचे २५ पैसे. इंद्रजालचा वेताळ तिथेच वाचला. छपाईत रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, हललेलं असायचं, त्यामुळे बाईच्या ओठांचा लाल रंग गालावर आणि वेताळाच्या ठोशाचा पिवळा झटका शेजारच्या चौकटीत गेलेला असायचा. त्या कॉमिक्समध्ये माणसं मार खाऊन पडायची, पण रक्त फारसं दिसायचं नाही. रक्त घरी दिसायचं, देवघराच्या वरच्या कॅलेंडरवर. नरसिंह उंबऱ्यावर बसलेला, मांडीवर हिरण्यकश्यपू, पोट फाडलेलं, आतडी देवाच्या गळ्यात हारासारखी, आणि बाजूला प्रल्हाद हात जोडून अगदी प्रसन्न. रोज संध्याकाळी ‘शुभं करोति’ म्हणताना समोर हे असायचं. आईने कधी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला नाही. ते रक्त इतकं नीट काढलेलं होतं, कुंकवासारखं, की ते कुणाच्या तरी अंगातलं आहे असं वाटायचंच नाही. उलट शेजारी एकदा विळीवर बोट कापलं त्या बाईचं, दोन थेंब फरशीवर पडले, तर मी चक्कर येऊन पडलो होतो. मी सात वर्षांचा असेन. मला शुद्धीवर आणलं ते आत्यानेच, आणि त्या बाईच्या बोटाच्या आधी माझ्याकडे बघितलं याचा तिला नंतर रागही आला होता.

पण आत्याचं ते ओरडणं. मी पुढचे दोन दिवस स्वतःला समजावत होतो की बिचारी, तिला कळलं नाही, सिनेमातलं खरं वाटलं. मग लक्षात आलं की हे साफ चूक आहे, आणि थोडं अपमानास्पदही. आत्याचं सासर झाडीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, वडसा-देसाईगंजच्या बाजूचं. दिवाळीनंतर तिकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, गावात दिवसा शंकरपट, बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, ते पहाट होईपर्यंत. मी दहावीत असताना एका थंडीत तिच्याकडे गेलो होतो. शेतात मंडप, खाली तणस पसरलेलं, बाया गोधड्या घेऊन, पोरं मांडीवर झोपलेली. स्टेजवर खलनायक सुनेला छळत होता, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तो नटही कमालीचा. संवाद तोडून तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “बुढे, माह्या घरात तू काऊन बोलून राहिली?” सगळा मंडप हसून लोळला. म्हातारीने वहाण भिरकावली. ती बाजाच्या पेटीवर पडली. पेटीवाल्याने सूर न सोडता एका हाताने ती बाजूला केली. आणि सकाळी तोच खलनायक, अर्धवट पुसलेल्या मिशांनी, त्याच म्हातारीच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. ती त्याला विचारत होती, “बाबू, पोट भरते ना रे तुमचं यात?” तिला नाटक आणि खरं यातला फरक कळत नव्हता असं कोणी म्हणेल का? तिला दोन्ही एकाच रात्री सांभाळता येत होतं, एवढंच. आम्ही एसीत बसलेले लोक पडद्यापुढे तोंड मिटून बसतो, आणि शिट्टी मारतो तीही घोळक्यात, कोणी मारली ते कळू नये म्हणून.

शेवटाकडे तो पिवळा माणूस त्या म्हाताऱ्या पोलिसाच्या हाती सापडतो. मग जे होतं ते मी इथे लिहीत नाही. शिक्षा अगदी नेमकी, त्याच्या गुन्ह्याच्या जागेवरच. आमच्या हॉलमध्ये त्या क्षणी जी आरोळी उठली ती एखाद्या षटकारावर उठावी तशी. पोरं उभी राहिली होती. आणि त्या आवाजाच्या खाली, अगदी सपाट सुरात, आत्या म्हणाली, “बरं झालं.”

तो सूर मी आधी ऐकला होता.

१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या माणसाला तारखेपुढे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या, बायांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या एका गुंडाला बायांच्या जमावाने भर न्यायालयात ठार केलं. पुढे २०१४ मध्ये उरलेले सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दिवशी मी प्रेसमध्ये होतो. बातमी चहावाल्याच्या पोराबरोबर आली, वर्तमानपत्राच्या आधी. आणि तासाभरात तिचा सिनेमा झाला होता. टपरीवर जो सांगायचा तो नव्याने सांगायचा, वारांचा आकडा प्रत्येक सांगण्यात वाढायचा. आमच्या बायंडिंगमधल्या एकाने पटाशीसारखा चहाचा चमचा धरून करून दाखवलं, तिखटाची पूड कशी फेकली तेही, आणि आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता, आणि तो काटा आनंदाचा होता. आपल्या गावात, आपल्या बायांनी. रात्री आत्या ड्यूटीवरून जेवायला आमच्याकडे आली. मी तोच प्रकार तिला सांगायला लागलो, थोडा चमचाही हलवला असेन. ती भात वाढून घेत होती. “बरं झालं,” ती म्हणाली, असाच सपाट सूर. तिच्या वॉर्डात कितीतरी वर्षं बाया यायच्या, न्हाणीत पाय घसरला म्हणायच्या, आणि पाय घसरून कुठे लागतं आणि कुठे लागत नाही हे तिला चांगलं कळायचं. दोन घास झाल्यावर तिने विचारलं, “अन् ती खोली कोणी पुसली असन रे?”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तिथे मेलेला माणूस होता, मारणाऱ्या बाया होत्या, पोलीस, वकील, बातमीदार सगळे होते, आणि आम्ही टपरीवर सगळ्यांच्या भूमिका केल्या होत्या. फरशी पुसणाऱ्याची कुणी केली नव्हती.

म्हणून हॉलमध्ये “बरं झालं” ऐकल्यावर मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत बसलो. ते आलं नाही. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खजिनदारांनी एसी १६ वर ठेवल्याबद्दल पोरांना झापलं. आत्या उठली, पुतण्याच्या पाठीवर थोपटून म्हणाली, “बरा होता. पण लाइट फार कमी होता रे.” तेवढ्यावर तिची समीक्षा आटोपली. घरी सोडताना मी गाडीत माफी मागायचं ठरवलं होतं. पण नेमकी कशाची मागायची ते वाक्यात बसेना. ‘तू ओरडलीस तेव्हा मी हसलो’ असं म्हटलं तर तिला मामांची आठवण करून दिल्यासारखं, आणि न म्हटलं तर लपवल्यासारखं. तेवढ्यात तिचं घर आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिचाच फोन आला. मारबत बघायला चल म्हणाली. मारबती म्हणजे इडापीडा घेऊन जावी म्हणून मिरवून जाळायचे मोठे बायकी पुतळे. आमचं जुनं घर इतवारीत होतं; ते विकून आता वीस वर्षं झाली, पण तिचं माहेर तेच, आणि मारबत गच्चीवरून बघायची तिची सवय. आता गच्ची दुसऱ्याची. आम्ही एका ओळखीच्या किराणा दुकानाच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. गर्दी अशी की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याशी ठरवून घ्यावा. उकाडा, गुलाल, डीजेचा छातीत बसणारा ठोका. आधी बडगे, म्हणजे टिंगल करायचे पुरुषी पुतळे, गेले: महागाईचा, खड्ड्यांचा, एक कुठल्या तरी देशाचा, एक असा की कुणाचा ते कळू नये पण सगळ्यांना कळावं. मग काळी आली. १८८१ पासून निघते म्हणतात. लांब जीभ, मोठे दात, काळाभोर रंग. तिच्या मागे पोट्ट्यांचा लोंढा आणि एकच ओरडा, “इडा पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!” आणि मग समोरून जागनाथ बुधवारीची पिवळी. तिला १८८५ पासूनची सांगतात. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघी समोरासमोर आल्या, आणि मला हॉल आठवला. काळं आणि पिवळं. काळ्याजवळ ठेवलं म्हणून ओरडणारं पिवळं. फक्त इथे पिवळीपुढे बाया हात जोडत होत्या. एकीने तापलेलं पोर उंच धरलं होतं. लोक हसत होते, नाचत होते, शिव्या देत होते, आणि संध्याकाळी यांनाच जाळायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शंभरावर वर्षं हे शहर दरवर्षी एका दिवशी चौकात येऊन सामूहिक आरडाओरडा करतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानं उघडतं. त्याने रोगराई जाते की नाही ते माहीत नाही. घसा मात्र बसतो.

आत्याही ओरडत होती. वॉर्डातला तोच आवाज. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “आत्या, त्या दिवशी हॉलमध्ये लोक हसले ना, तू गोळी द्या म्हटलं तेव्हा...”

“कोणत्या दिवशी?”

मी सांगितलं. तिला आठवायला वेळ लागला, किंवा तिने लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हसले ना? हसायलेच पाहिजे. आमच्या झाडीत असं बोललं की नट थांबून उत्तर देते. तुमच्या पडद्यावरचा मुकाच निघाला. मागून तो कोण पोट्टा बोलला, तो मात्र बरा होता.” ती खरंच गमतीने ओरडली होती का, की आता मला सोडवायला असं म्हणत होती, हे मला तिच्या तोंडावरून कळेना. आणि डीजेसमोर दुसऱ्यांदा विचारणं शक्य नव्हतं.

गुलाल तिच्या चष्म्यावर बसला होता. रुमाल काढायला तिने पर्स उघडली, तर रुमालाबरोबर काहीतरी चकचकीत निसटून पायरीवर पडलं. मी वाकून उचललं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी. नवी कोरी, एकही गोळी काढलेली नाही. आत्याला बीपी आहे, गुडघे आहेत, पण हृदयाचं काही नाही. मी पट्टी हातात धरून उभा राहिलो. तिने ती माझ्याकडून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, पट्टी उन्हात तिरकी धरून मागची बारीक अक्षरं वाचली, अगदी मी पिवळं प्रूफ खिडकीत धरायचो तशी.

“मार्चपर्यंत हाय,” ती म्हणाली, पट्टी आतल्या कप्प्यात ठेवून बटण लावलं, आणि पुढे सरकलेल्या गर्दीकडे बघून म्हणाली, “चल, पिवळी चालली.”